ध ची सोडलेली रेघ

चित्रकलेच्या सरांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांचा मुलगा येडशीला येऊन एक कॅसेट न् एक चौकटीची वही देऊन गेला. "काका, हे तुमच्याकडंच असू द्या."

वही पाहताच ओळखली. १९८४ ला सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, तसे आमच्याकडेही आले. विज्ञान शिकवतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडले, आणि मुळाक्षरं काढायला मी चित्रकलेच्या सरांना गळ घातली. आठ बाय आठ चौकटींत एक अक्षर. पहिल्या ओळीचा आकडा बहुतेक २५५, म्हणजे शिरोरेषा. थ, ध, भ आले की सर अडायचे. रेघ कुठं सोडायची ते खोडून खोडून ठरवायचे. ते पान अजून खरबरीत लागतं.

आता घरी बीबीसीचीच दोन मशीनं आहेत, मॉडेल बी आणि १९८६ चं मास्टर १२८. दोन्हींवर सरांची बाराखडी एकाच फ्लॉपीवरून चालली पाहिजे, एवढाच हट्ट. मास्टरवर पहिल्याच दिवशी चालली. मॉडेल बी नं चार महिने घेतले.

टेपवर प्रोग्राम मेमरीत ३५८४ पासून बसतो, डिस्कचा रॉम असला की ६४०० पासून. मधले २८१६ बाइट डिस्क खाते. उपाय सगळ्यांना पाठ आहे: प्रोग्राम वर चढवा, टेपची आज्ञा द्या, खाली ओढा. कुर्डुवाडीला हमाल हेच करायचे, बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडीतला माल साडेपाच फुटीत. मीही ओढला. क ते स नीट उमटली, आणि ह पासून पुढं वारूळ फुटल्यासारखे नुसते ठिपके.

क ते स मोजा, बरोबर ३२ भरतात. तेवढीच अक्षरं मशीन आपल्या पदरच्या जागेत ठेवतं. पुढच्यांसाठी एफएक्स २० या आज्ञेनं जागा मागायची, दर ३२ अक्षरांना २५६ बाइट. ती जागा कुठून सुरू व्हायची हे मशीन चालू होतानाच ठरतं. डिस्क असेल तर ६४०० पासून. मी प्रोग्राम खाली आणला, अक्षरं तिथंच राहिली, आणि प्रोग्रामची शेपटी त्यांच्यावर जाऊन बसली. ठिपके म्हणून दिसत होता तो आमचाच प्रोग्राम.

नात म्हणाली, "आज्जा, लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये चालवा की." चालवला. तिथंही ह पासून वारूळ. तेवढा तो इमानी निघाला. मशीनं काचेच्या कपाटात मांडणाऱ्या संग्राहकांपेक्षा बराच. त्यांना भीती असते, चालू केलं तर पॉवर सप्लायमधला कपॅसिटर धूर सोडेल. सोडतो. मग बदलायचा. हल्ली माझा हात कापतो, म्हणून डाग नात देते आणि मी नुसता ओरडतो.

शेवटी उत्तर एका ओळीचं निघालं: एफएक्स १७९,१४. म्हणजे अक्षरांनाही खाली ३५८४ ला यायला सांगायचं. त्या रात्री तासभर अंगणात एकटाच फिरलो. सकाळी तीच फ्लॉपी मास्टरमध्ये घातली, तर तिथं १७९ चं काम दुसरंच. मग आधी मशीनलाच विचारायचं, बाबा तू कोण? इंकी उणे २५६ विचारलं की मॉडेल बी उणे एक म्हणतं, मास्टर उणे तीन.

या विचारपुशीनं प्रोग्राम फुगला. मॉडेल बी वर ज्ञ शी येऊन 'नो रूम'. मोकळ्या जागा काढल्या, नावं एकेका अक्षराची केली, तरी अडलंच. सरांनी रेमच्या ओळींत टिपा लिहून ठेवल्या होत्या, 'थ ची गाठ बारीक', 'ळ पुन्हा बघणे'. त्या उडवल्या. ज्ञ आलं.

नातीनं पडदा निरखून पाहिला. "आज्जा, ध अजून बिघडलेलाच आहे. वरची रेघ तुटलीय." मी तिच्यापुढं वही ठेवली.

अक्षरं सगळी सरांची. पहिल्या पडद्यावर मात्र तेव्हापासून नाव माझं एकट्याचंच आहे. ती ओळ ४१ बाइटची. टिपा उडवायच्या आधी ती काढायचं मला सुचलंच नाही, असं मी सरांच्या मुलाला फोनवर सांगितलं. सुचलं होतं.