सायलेन्सरमधली माती

‘इको गाडीचा सायलेन्सर चोरीला’ अशी बातमी आली की वाचणाऱ्याला हसू येतं. भंगारात त्याचे किती येणार? माझा मामेभाऊ जळगावात इकोमधून शाळेची मुलं ने-आण करतो, सुटीला पारोळामार्गे धुळ्याचं भाडं मारतो. एके सकाळी त्याने चावी फिरवली आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजली. शेजारची आपा दारात आली.

चोराला लोखंड नकोच असतं, त्याला आतली ‘माती’ हवी असते. माती म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा बारीक लेप. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तापलेल्या जाळीतून धूर गेला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरलेलं इंधन जळतं, नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन राहतो. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचला होता. इकोच्या पोटाखाली माणूस सहज सरकतो, पाने असले की काम झालं.

नव्या ओरिजिनलचा आकडा पाच अंकी निघाला. धुळ्याच्या एका मिस्त्रीने सल्ला दिला, ‘‘सर, रिकामा डबा बसवून देतो. आवाज बंद. सेन्सरचा जुगाड करू, दिवा पण लागणार नाही.’’ आवाज बंद होईल, खरंय. पण शाळेच्या फाटकापाशी ही गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते आणि मागून पोरं चढतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या कितीतरी आधी चिकटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळंच.

भंगार बाजारातला ‘जुना पण ओरिजिनल’ स्वस्तात मिळत होता. तो आला कुठून? बहुधा आपल्यासारख्याच कुणाच्या इकोखालून. माहीत असून चोरीचा माल घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्या पैशातून रोटी हलाल कशी व्हायची?

राहिला आफ्टरमार्केट. नावाजलेल्या कंपनीचा, बिल आणि वॉरंटीसह असेल तर जुन्या बीएस-चार गाडीला माझी हरकत नाही. पण बहुतेकांत मौल्यवान धातू कमी असतो, म्हणून आयुष्यही कमी. भावाची गाडी २०२० ची, बीएस-सहा. तिथे कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर सफाई नीट होतेय का ते तपासतो, हलका माल त्याच्या नजरेतून सुटणं कठीण. मी ओरिजिनलच म्हटलं. वहिनीने भिशी आधी उचलली.

विम्याचंही ऐकून ठेवा. नुसता थर्ड पार्टी असेल तर दमडी मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत चोरी बसते, पण आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर ४० टक्के घसारा कापतात. सर्व्हेअर फोटो काढून गेलाय. भावाने खालून लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या, नव्या कन्व्हर्टरवर गाडीचा नंबर कोरला, आणि रात्री गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावतो की उतरताना स्वतःच अडकतो.