मोकळ्या जागेचा ठेका

फंक रॉकमध्ये सगळ्यात अवघड काम असतं ते थांबण्याचं. ड्रम्स, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, जोडीला एखादा ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन आणि गायक, एवढी मंडळी एका गाण्यात एकत्र आली की गर्दी व्हायला वेळ लागत नाही. तरीही या संगीतातली एखादी उत्तम रेकॉर्ड लावून बघा. प्रत्येक वाद्य सुटं, स्वच्छ ऐकू येतं आणि सगळी मिळून पायाला ठेका धरायला लावतात. ध्वनिमुद्रक म्हणून बँडबरोबर बसताना माझा बहुतेक वेळ हे सुटेपण राखण्यात जातो. ते नंतर कॉम्प्युटरवर आणता येत नाही. वाजवणाऱ्यांच्या कानातच ते असावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

या संगीताची मांडणी समजून घ्यायची तर गायक जेम्स ब्राउनपासून सुरुवात करावी लागते. १९६७ साली त्याचं 'कोल्ड स्वेट' हे गाणं आलं आणि अमेरिकन नृत्यसंगीताचा तोल बदलला. तोवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देण्याची रीत होती. ब्राउननं सगळ्या वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र आणलं. समेची सवय असलेल्या आपल्या कानांना हे चटकन उमगतं. चार मात्रांचे सोळा बारीक भाग करायचे, पहिल्यावर सगळ्यांनी मिळून उतरायचं आणि बाकीचे आपसात वाटून घ्यायचे. बेसनं त्यातले तीन-चार घेतले, तर गिटारनं दुसरेच दोन-तीन घ्यायचे. जे कुणीच घेतलेले नाहीत ते तसेच रिकामे ठेवायचे. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीला मुद्रित झालेलं ब्राउनचंच 'फंकी ड्रमर' ऐका. ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड दोन मोठ्या फटक्यांच्या मधे स्नेअरवर इतके हलके हात टाकतो की ते नीट ऐकूही येत नाहीत, पण काढून टाकले तर चाल लंगडी होईल. त्याच काळात बेसिस्ट लॅरी ग्रॅहमनं बेस वाजवण्याची तऱ्हाच बदलली. आईच्या साथीला बसताना ड्रमर नव्हता, तेव्हा त्यानं अंगठ्यानं तार ठोकून किक ड्रमची आणि बोटानं तार ओढून सोडून स्नेअरची उणीव भरून काढली. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधून ही ठोक जगभर गेली.

प्रत्यक्ष मुद्रणात हे वाटप फार काटेकोर करावं लागतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. किक ड्रमचा दणका तिच्या शेजारीच, बहुधा ५० ते ८० कंपनांच्या पट्ट्यात असतो. दोघं एकाच जागेवर बसले की तळ गढूळ होतो आणि कितीही आवाज वाढवला तरी जोर येत नाही. म्हणून तळ कोण धरणार हे माइक लावण्याआधीच ठरवावं लागतं. बेस धरणार असेल तर मी किकच्या पोटात घडी घातलेली चादर ठेवून घुमार कमी करतो आणि कातड्यावर बीटर आपटल्याचा 'टक्' पुढे आणतो. गिटारवाल्याला अँपवरचा बेस कमी करायला सांगतो. एकट्याची गिटार ऐकली तर ती पातळ वाटते आणि तो हिरमुसतो. सगळे वाजवायला लागले की तीच गिटार टोकदार होऊन वर येते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेसचा स्वर कुठे संपतो. नवशिके बेसिस्ट स्वर कुठे सुरू करायचा याचीच काळजी घेतात. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत असतो. बोट किंचित सैल केलं की तारेचा आवाज तिथल्या तिथे मिटतो. स्नेअरचा फटका पडायच्या अगदी आत बेस मिटला, तर तो फटका दुप्पट मोठा वाटतो, आणि त्यासाठी मला मिक्सरच्या फेडरला हातही लावावा लागत नाही. एका बोटाच्या या सैल होण्यावर अख्खं गाणं उभं राहतं.

हा कान तयार व्हावा म्हणून मुद्रणाआधी मी बँडला नागझिऱ्याला घेऊन जातो. गोंदिया जिल्ह्यातलं हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर. २०१३ च्या डिसेंबरपासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे आणि चारशे दिवसांच्या मुक्कामातून उतरलेल्या किरण पुरंदरे यांच्या 'सखा नागझिरा'मुळे मराठी वाचकांच्या ते ओळखीचं आहे. तलावाकाठच्या विश्रामगृहांपर्यंत वीज नेलेली नाही, हे माझ्या धंद्याच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. शहरात भिंतीतल्या तारांतून, फ्रीजमधून, ट्यूबलाइटच्या चोकमधून पन्नास कंपनांची घरघर सतत चालू असते आणि ती नेमकी बेसच्या मुलखात शिरते. आपला कान तिला इतका सरावलेला असतो की ती आहे हेच कळत नाही. नागझिऱ्यात ती नसते. पहिल्या रात्री पोरांना कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी पानगळीतली पावलं दुरून कळायला लागतात.

वाद्यं, अँप्लिफायर, खिशातले स्पीकर, सगळं नागपूरला ठेवून यायचं, हा माझा नियम आहे. जंगलात वाजवायचं नाही. पक्ष्याला भुलवायला त्याच्याच आवाजाची रेकॉर्डही लावायची नाही. फक्त एक वही घ्यायची. आडवी रेघ काळाची, उभी रेघ स्वराच्या उंचीची. पहाटेपासून तासभर जे जे ऐकू येईल त्याची खूण त्या त्या जागी करायची. तांबटाचा 'टुक्-टुक्' मिनिटाला साधारण १०८ ते १२१ वेळा येतो. फंकची कितीतरी गाणी याच लयीच्या आसपास चालतात, त्यामुळे ड्रमरचा हात नकळत मांडीवर पडायला लागतो. त्याच्या वर कीटकांची बारीक, अखंड किरकिर. मधल्या पट्ट्यात कोतवालाच्या शिट्ट्या, पावशाची चढत जाणारी हाक. वाघाचा वास लागला की वानराचा खोकल्यासारखा 'खक्' आणि चितळाचा तीक्ष्ण इशारा. तो येताच बाकीचे बरेच आवाज बंद. संध्याकाळी रातव्याची ठोकठोक सुरू होते तेव्हा दिवसाची मंडळी गप्प झालेली असतात. वही भरली की बेसिस्ट स्वतःच म्हणतो, खुणा एकमेकींवर फारशा पडलेल्याच नाहीत.

हे निरीक्षण माझ्याआधी एका संगीतकारानं फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. बर्नी क्राउझ मूळचा गिटारवादक आणि सिंथेसायझर वाजवणारा. पॉल बीव्हरबरोबर त्यानं 'इन अ वाइल्ड सँक्चुअरी' हा अल्बम केला, नागझिरा अभयारण्य झालं त्याच १९७० साली. त्यासाठी तो रेकॉर्डर घेऊन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्स जंगलात गेला आणि त्या अनुभवानं त्याचं आयुष्य वळलं. पुढे त्यानं मांडलं की निकोप जंगलात प्रत्येक प्राणी आवाजासाठी स्वतःचा पट्टा आणि स्वतःची वेळ राखून असतो, म्हणून त्याची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडत नाही. शास्त्रज्ञांमध्ये या गृहीतकावर वाद आहेत आणि असावेत. ध्वनिमुद्रकाला मात्र त्यातून कामाची शिस्त मिळते: आपली हाक पोचावी असं वाटत असेल तर दुसऱ्याची जागा ओळखा.

या शिस्तीवर बेतलेला एक प्रसिद्ध अल्बम आहे. रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक', १९९१ चा. निर्माता रिक रुबिननं नेहमीचा स्टुडिओ टाळून बँडला लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमधल्या जुन्या हवेलीत नेलं आणि तिथेच यंत्रसामग्री मांडली. बेसिस्ट फ्ली आधीच्या 'मदर्स मिल्क'मध्ये श्वास न घेता ठोकत होता. इथे त्यानं हात आखडता घेतला आणि त्यामुळेच त्याचा बेस अधिक बोलका झाला. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं एक गाणं तर त्यांनी रात्री बाहेर, टेकडीवर जाऊन मुद्रित केलं. भिंत नसलेल्या जागेत आवाज परतून येत नाही; जे वाजतं तेच उरतं.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक बँडची गर्दी होती. मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे तिथे गात होता. दिग्दर्शक अलीक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जूडस झाला आणि १९७८ मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश म्हणून मराठी रंगमंचावर रॉकचा गळा घेऊन आला. त्याच मुंबईत अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट हा बँड फंक आणि रॉक एकत्र वाजवत होता. त्यांची एकच एलपी निघाली, पॉलिडोरची 'ऑब्सेशन ७७'. हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी' तिच्यात आहे आणि त्यांची स्वतःची गाणीही आहेत. नाउ-अगेन या अमेरिकन लेबलनं २०११ मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा जगाला कळलं की मुंबईत असं काही वाजत होतं. त्या दशकातल्या क्लबांमध्ये किती रात्री किती सुंदर वाजलं असेल! मुद्रण न झालेलं सगळं त्या रात्रींबरोबर गेलं.

विदर्भात आज असंच काहीतरी वाहून जातं आहे. दिवाळी झाली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होतं आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत ऑर्गन, तबला, ढोलकी आणि हल्ली ऑक्टोपॅड वाजवणारी पोरं नटाच्या श्वासावर नजर ठेवून साथ करतात. नटानं वाक्य लांबवलं तर ते थांबतात, प्रेक्षकांची टाळी आली तर तिच्या मागून उचलतात. यातलीच काही मुलं हंगाम संपला की नागपूरच्या बँडमध्ये उभी राहतात. मला फंक रॉकसाठी याहून चांगली तालीम माहीत नाही. आणि हीच मुलं स्टुडिओत आली की आपण त्यांना काय सांगतो? एकेकटा आत जा, कानात क्लिक लाव, वाजव, बाहेर ये. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक फटका ओढून रेघेवर बसवतो. दोन वादकांमधला जो किंचित पुढे-मागे असलेला झोल ऐकणाऱ्याला डोलवतो, तो पुसून टाकतो आणि वर विचारतो, गाणं मेल्यासारखं का वाटतंय?

माझी पद्धत सरळ आहे. ड्रम्स आणि बेस एकाच खोलीत, एकमेकांचे डोळे दिसतील असे. गिटारचा अँप आडोशाला, पण गिटारवाला आत. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडा गळणारच; ती गळती माइकची जागा बदलून कामाला लावायची. एका गाण्याचे चार-पाच टेक घ्यायचे, चुकलेली मात्रा चालवून घ्यायची, एकमेकांचं ऐकणं सुटलेला टेक मात्र फेकून द्यायचा. मूळ ट्रॅक दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवायचे.

आणि उशीर करायचा नाही. बँड म्हणजे चार-पाच तरुण माणसं. कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाची शेती हाक मारते. एकमेकांना जागा द्यायला शिकलेली ही माणसं एकत्र असतात तो काळ फार थोडा असतो. विदर्भात वाजणाऱ्या प्रत्येक बँडला माझं कळकळीचं सांगणं आहे: आठ चांगली गाणी झाली की अल्बमला बसा, साधी खोली मिळाली तरी बसा, आणि या हंगामातच बसा.