मका, मॉइश्चर मीटर आणि लिंक्डइन

"दर महिन्याला सोयगावला काय एवढं काम असतं रे तुझं?" हा प्रश्न पुण्यातल्या मावशीपासून अमेरिकेतल्या आतेभावापर्यंत सगळ्यांचा विचारून झालाय. काम सांगितलं की लोक हसतात. गावाकडच्या आमच्या शेतकरी कंपनीचं लिंक्डइनवर बस्तान बसवायचं, हे ते काम. "सोयगावात लिंक्डइन??" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मीही त्यांच्याबरोबर हसून घेतो :)

ज्यांना सोयगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: औरंगाबाद जिल्ह्याच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) अगदी वरच्या टोकाला, अजिंठ्याचा घाट उतरून खाली आलं की आमचा तालुका. जिल्हा मराठवाड्यातला, पण बोली आणि बाजार खानदेशाकडे तोंड करून. कचेरीच्या कामाला आमची माणसं घाट चढतात आणि माल विकायला पाचोरा-जळगावकडे जातात. कापूस, मका, पाणी असेल तिथे केळी. तालुक्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी कंपनीबद्दल. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची 'प्रोड्यूसर कंपनी' काढायची सोय झाली. किमान दहा उत्पादक एकत्र यायचे, भागभांडवल कुणाचं कितीही असो, सभासदाला मत एकच. म्हणजे सोसायटीचा आत्मा आणि कंपनीचा अंगरखा. २०२० मध्ये केंद्राने अशा १०,००० संस्था उभ्या करायची योजना आणली, तेव्हा आमच्या तात्यांनीही (माझे धाकटे चुलते) शेजारपाजारच्या गावांतले शेतकरी गोळा केले. आज तीनशेच्या वर सभासद आहेत. गोडाऊन आहे, वाळवणीचा ओटा आहे, काटा आहे. मुख्य माल मका.

मक्याचं गणित सोपं आहे. खरिपाचा मका काढला तेव्हा दाण्यात पाणी भरपूर असतं. ते १४ टक्क्यांच्या आत आणलं नाही तर बुरशी धरते, आणि कोंबडीखाद्यवाल्यांना नेमकी तीच नको असते. शेतकरी घाईने ओला मका विकतो आणि कडत्यात मार खातो. कंपनीने वाळवून, चाळून, एकसारखा माल थेट कारखान्याला द्यायचा, एवढाच आमचा धंदा.

अशाच एका खाद्य कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याशी तात्यांचं फोनवर बोलणं झालं. भाव जमला, ट्रकचं ठरलं. शेवटी तो म्हणाला, "कंपनीचं नाव पाठवा, बघून कळवतो." दोन दिवसांनी निरोप आला, "तुमची कंपनी कुठे दिसत नाही हो."

तात्या चक्रावलेच. "दिसत नाही म्हणजे? एवढं मोठं गोडाऊन आहे, रस्त्यावरून दिसतं!"

नोंदणी होती, जीएसटी होता, लेखापरीक्षण वेळेवर होतं. पण अनोळखी माणसाला लाखाचा व्यवहार करायचा तर तो आधी चार ओळखीची नावं शोधतो. पूर्वी तो अडत्याकडे चौकशी करायचा, आता फोनवर बोट फिरवतो. तेव्हा घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

लिंक्डइन २००३ च्या मे महिन्यात सुरू झालं, ते माणसांच्या नोकऱ्या आणि ओळखी यांसाठी. कंपन्यांची पानं नंतर आली. पान काढायला आधी कुणातरी माणसाचं स्वतःचं खातं लागतं. मी अर्ज भरायला बसलो, तात्या शेजारी. कंपनीचा प्रकार? खाजगी, सरकारी, भागीदारी, सेवाभावी.. यादीत 'शेतकऱ्यांच्या मालकीची' असा पर्यायच नाही. कायद्याने आम्ही खाजगीत मोडतो, तेच टिचकवलं. कर्मचारी किती? तात्या म्हणाले, "तीनशे बारा लिही." म्हटलं, ते मालक झाले तात्या, कर्मचारी नव्हेत. नोकर म्हणाल तर सीईओ मॅडम, हिशेबनीस आणि एक चौकीदार. "मग मालकांची संख्या कुठे लिहायची?" तशी जागाच नव्हती. शेवटी ती माहितीच्या परिच्छेदात पहिल्याच वाक्यात घातली.

मजकुरासाठी शहरातल्या एका सल्लागाराला विचारलं. त्याने फाकडू इंग्रजीत तीन परिच्छेद पाठवले. 'अग्रगण्य', 'सर्वसमावेशक', 'शाश्वत मूल्यसाखळी' वगैरे. सोबत हिरव्यागार शेताचा फोटो, त्यात एक अवाढव्य यंत्र. मी ते तात्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "यात मका कुठे आहे?" आणि "हे शेत कुणाचं?"

दोन्हींना उत्तर नव्हतं. सल्लागाराला नमस्कार.

आता लेण्यांकडे येतो. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात ब्राह्मीत एक छोटासा लेख आहे. घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने हे खोल्यांचं निवासस्थान दान दिलं, एवढाच त्याचा आशय. लेणं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. नाव, धंदा, काय दिलं. संपलं! 'अग्रगण्य व्यापारी' असं काही नाही. आणि जवळच दहाव्या लेण्यात दुसरं एक नाव आहे. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिंतीवरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. तीही टिकली आहे. पहिलं नाव आपण दिलेल्या वस्तूवर घातलेलं, दुसरं लोकांच्या वस्तूवर ओढलेलं.

लहानपणी सहलीला गेल्यावर ही दोन्ही नावं गुरुजींनी दाखवली होती. सल्लागाराचा मजकूर वाचताना मला दुसरं आठवलं, आणि आमचं पान कसं हवं ते पहिल्याने सांगितलं.

मग ठरवलं. दर लॉटला एक फोटो: मॉइश्चर मीटरवरचा आकडा, काटा पावती, आणि कुठल्या गावचा माल. खाली साध्या भाषेत चार ओळी, इंग्रजीत आणि मराठीत. परतीच्या पावसाने एक ढीग भिजला तेव्हा तो विक्रीतून बाजूला काढला, तेही लिहिलं. त्या नोंदीखाली सगळ्यात जास्त चौकश्या आल्या. खरेदीदाराला आपला माल भिजतो हे माहीतच असतं. भिजला तर तुम्ही काय करता, हे त्याला बघायचं असतं.

पण महिन्याभरात एक गोष्ट लक्षात आली. कंपनीचं पान म्हणजे नुसती पाटी. पाटी काही उठून कुणाशी ओळख करून घेत नाही, ओळखीचा हात माणसालाच पुढे करावा लागतो. तेव्हा माणसांची खाती उघडली. तात्यांचा टोपीतला फोटो आणि 'अनुभव: शेती, १९७८ पासून'. खरा जोर मात्र आमच्या सीईओ मॅडमचा. वय पंचविशीतलं, तालुक्यातल्याच एका तांड्यावरची, कृषी पदवीधर. तीच मजकूर पानाऐवजी स्वतःच्या नावाने लिहायला लागली, तर वाचणारे कितीतरी पट वाढले. वाळवणीच्या ओट्यावर रात्री ताडपत्री कशी ओढतात यावरचं तिचं टिपण तर कुठल्या कुठे गेलं. 'दिसत नाही' म्हणणाऱ्या त्या खरेदी अधिकाऱ्याने ते वाचून तिलाच फोन केला. पहिला ट्रक तिथूनच लागला.

दुसरा फोनही तिलाच आला. मका घेणाऱ्याचा नव्हता तो, तिला घेणाऱ्याचा होता. नाशिककडच्या एका कंपनीने दुपटीहून जास्त पगार देऊ केला.

संचालकांची बैठक मला अजून आठवते. योजनेतून तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख मिळतात, मॅडमचा पगार त्यातूनच निघायचा, आणि तिसरं वर्ष सरत आलेलं. एक संचालक चिडून म्हणाले, "आपल्याच शिडीवरून चढली आणि निघाली. म्हणून सांगत होतो, माणसाचं नाव पुढे करू नका. इथून पुढे फक्त कंपनीचं नाव." दोघांतिघांनी माना डोलावल्या.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिचं नाव झाकलं असतं तर मक्याचा फोन कुणाला आला असता? नाव झाकायचं सोडा, पगार किती वाढवता ते बोला."

आकडेमोड झाली. नाही जमलं. मी कोपऱ्यात बसून होतो, काय बोलणार? मी स्वतः बाविसाव्या वर्षी घाट चढून गेलेला माणूस. मला कुणी शिडीचा हिशेब विचारला नव्हता.

ती गेली. जाण्याआधी हंगाम पुरा केला, आणि चाळणीवर देखरेख करणाऱ्या आमच्या एका सभासद काकूंना फोटो काढण्यापासून उत्तरं देण्यापर्यंत सगळं शिकवून गेली. काकू मराठीतच लिहितात. खरेदीदारांना त्याची अडचण झालेली नाही, आकडे तर सगळ्यांना कळतात.

आपण पान 'बांधलं' असं मी म्हणतो खरं, पण त्याचा मोठा भाग कंपनीच्या ताब्यात कधी नव्हताच. तो त्या मुलीच्या नावावर होता, आता काकूंच्या आहे, आणि ती माणसं जायला मोकळी आहेत. सह्याद्री फार्म्सचंच बघा. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे आणि शेतकऱ्यांनी उभी केलेली कंपनी. २०२२ मध्ये तिथे युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. ते काही देखण्या पानाकडे बघून नव्हे. आधी वर्षानुवर्षं द्राक्षाच्या पेट्या परदेशात पोचल्या होत्या, आणि त्या पाठवणारी माणसं टिकली होती. माणसं टिकवायला पैसे लागतात, आणि ते मक्यातूनच निघायला हवेत.

परवा सहज मॅडमच्या खात्यावर गेलो. नव्या नोकरीच्या खाली आमच्या कंपनीचं नाव तसंच आहे, तीन वर्षांचा काळ आणि एक ओळ: 'सोयगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा मका वाळवला, प्रतवारी केली, थेट कारखान्याला विकला.' त्या ओळीवरून आमच्याकडे अजून लोक येतात.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय काकूंच्या मानधनाचा आहे. क्विंटलमागे किती रुपये त्यासाठी बाजूला काढायचे, हे तीनशे बारा मालकांनी ठरवायचंय. प्रत्येकाला एक मत. तात्या गावोगाव फिरून बोलतायत, आणि अजून सगळे राजी नाहीत.