मातीची कामं

मातीविना भाजी मुंबईला नवी नाही. दादरच्या मंडईत समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या बघा: पांढरीशुभ्र मुळं, टोकाला इवलीशी पानं, आणि चार पाण्यांतून काढली तरी दाताखाली कचकन येणारी रेती. किनाऱ्याजवळच्या वाळूत ती वाढते. वाळू तिला उभं राहायला जागा देते, ओल धरते. खायला काही देत नाही. खाणं बियाच्या दोन दलांत आधीच भरलेलं असतं. ती शिदोरी संपायच्या आत मेथी उपटली जाते, म्हणून हे जमतं. मॉलमध्ये 'मायक्रोग्रीन्स' म्हणून महागडी डबी मिळते, तिचंही गणित हेच.

शिदोरी संपल्यावर काय? लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत नुसत्या पाण्यावर भाजी वाढवायचा माझा झाकणाचा डबा पाहून शेजारच्या मावशींनी नेमकं तेच विचारलं, "मातयेशिवाय? मगे ता खाता काय?" उत्तर १८६०च्या दशकात जर्मनीत मिळालं. युलिउस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यावर रोपं वाढवून दाखवली. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि जरासं लोह; पुढे त्या यादीत जस्त, बोरॉन वगैरेंची भर पडली. एवढं पाण्यातून मिळालं की झाडाचं मातीवाचून अडत नाही.

पण मातीची कामं काही संपत नाहीत, ती आपल्या गळ्यात पडतात. माती क्षार धरून ठेवते आणि सावकाश सोडते. पाणी असं काही सांभाळून घेत नाही. खत थोडं जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. म्हणून विरघळलेले क्षार मोजणारा मीटर लागतो. तलावांतून येणारं आपलं नळाचं पाणी मृदू. माझा टीडीएस मीटर त्यात शंभराच्या आतच थांबतो, तेव्हा वर किती घालायचं हे आपल्या हातात राहतं. क्षारांच्या बाटल्या दोन: एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत मॅग्नेशियम सल्फेट आणि स्फुरद. दोन्ही दाट द्रावणं एकमेकांत ओतली तर जिप्समचा पांढरा साका तळाशी बसतो आणि तो झाडाच्या कामाचा नसतो. आधी एक बाटली भरपूर पाण्यात, नीट ढवळून मगच दुसरी.

सगळ्यात नाजूक काम हवेचं. लालबाग-परळमध्ये माती येते ती गणपतीच्या चित्रशाळांसाठी, शाडूची. तिचे कण इतके बारीक की मूर्तीच्या बोटाचं नखही त्यात कोरता येतं. पण ती भिजली की मुळाला श्वास घ्यायला फट उरत नाही. डब्यातल्या साचलेल्या पाण्याची अडचण तीच. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी त्यावर बिनपंपाची तोड काढली. डबा भरायचा, झाकणाच्या भोकात जाळीची छोटी कुंडी बसवायची, तिचा तळ जेमतेम पाण्याला टेकवायचा. रोप पाणी पितं, पातळी उतरते आणि झाकणाखाली हवेचा थर तयार होतो. डब्याचं झाकण उचललं की मुळं दोन तऱ्हांची दिसतात. वरची दमट हवेतली आखूड, दाट, लव आलेली. खालची लांब, गुळगुळीत, पाण्यात सुटलेली. वरची हवा घेतात, खालची पाणी. पाणी कमी झालंय म्हणून कुणी मायेने डबा काठोकाठ भरला तर वरची मुळं बुडतात आणि भरल्या पाण्यात रोप मान टाकतं. भर घालायचीच तर थोडी, हवेचा थर राखून.

त्यात आपला उन्हाळा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. मे महिन्यात लेट्यूसचा हट्ट धरला तर मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात. ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावावं. एरवी माठ, मायाळू, पुदिना. पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं की एलईडीची नळी रोपांच्या वर वीतभर अंतरावर. डब्यात उजेड शिरला तर शेवाळ, फट राहिली तर डास. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं साचलेलं पाणी बघत येतात, तेव्हा कुंडीभोवती घट्ट बसवलेलं फडकं मी आपणहून दाखवते. आणि लिटरमागे किलोभर वजन जुन्या लाकडी गॅलरीवर येतं, म्हणून डबे लहान.

याच शहरात उलटी वाटही आहे. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. काडीकचऱ्यातून जिवंत माती घडवता येते, हा 'प्रयोग परिवार'च्या श्री. अ. दाभोलकरांचा विचार. तिथे जंतू आणि गांडुळं जे फुकट करतात, ते मला मीटर, बाटल्या आणि फडकी घेऊन करावं लागतं. गच्ची आणि ऊन असेल त्याने खुशाल त्या वाटेने जावं. ज्याच्या वाट्याला एक खिडकी आणि अर्ध्या दिवसाचा उजेड आहे, त्याने डबा घ्यावा; मात्र आधी ताटलीत वाळू पसरून मेथी उगवून बघावी. तेवढी निगा रोज झाली नाही, तर क्षारांच्या बाटल्या आणण्यात अर्थ नाही. मंडईतली जुडी तशीही स्वस्तच पडते.