माथेरानची तयारी : हप्ता पहिला

सोमवार
ठरलं, माथेरानच. भावाचं मत लोणावळ्याला होतं, पण सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांच्या रांगेत बसायचं, तर घरी काय वाईट? माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. सुमारे आठशे मीटर उंचीवरचं हे पठार, दाट झाडी, तांबडी माती. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले आणि गिरिस्थानाची सुरुवात झाली. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. तिथली शांतता या नियमांनी राखलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

बुधवार
आजचा सगळा विचार आईच्या गुडघ्यांचा. नेरळहून छोट्या गाडीने जायचं तिच्या मनात आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ही दोन फुटी रुळांची वाट १९०७ मध्ये पुरी केली. जेमतेम एकवीस किलोमीटर, पण डोंगराला वळसे घालत चढायला दोन तासांहून जास्त लागतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो, म्हणून आम्ही डिसेंबर धरलाय. फेऱ्या मोजक्याच, तेव्हा पहाटेची कर्जत लोकल पकडायची. तरी जागा नाही मिळाली, तर टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून अमन लॉजची शटल. शटल थेट बाजारपेठेशी सोडते. राहायची खोलीही स्टेशनजवळच हवी. दरीकाठचं हॉटेल फोटोत देखणं दिसतं, पण आईला रोज तेवढी पायपीट कशी झेपेल?

गुरुवार
“हातरिक्षा करू की,” मावशी फोनवर म्हणाली. मी नाही म्हटलं. माणसाने माणसाला चढावर ओढत न्यायचं, हे मला बघवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ई-रिक्षा याच ओढणाऱ्यांच्या हाती द्याव्यात असंही सुचवलं. त्यांची रोजीरोटी राखून झालेला बदलच मला न्याय्य वाटतो. ई-रिक्षा मिळाली तर आई तिच्यातून जाईल.

शुक्रवार
भावाच्या यादीत पॅनोरमा, गार्बट, वन ट्री हिल, अलेक्झांडर, सगळेच पॉइंट होते. मी बरेच खोडले. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला आहे. सूर्योदयासाठी अंधारात निघायचं असेल तर भावाने एकट्याने जावं. आईसोबत शार्लट तलाव आणि काठचं पिसरनाथाचं देऊळ एवढं पुरे. तिथून लुईझा पॉइंट जवळ आहे. समोर प्रबळगड दिसतो, तो तिला दाखवायचाच. बाबा म्हणाले, “चिक्की परतीच्या दिवशीच घ्या, उगाच ओझं नको.” उरलं एकच काम : आईचे जाड तळव्यांचे बूट. उद्या सकाळी तिला घेऊन दुकानात जाते.