लिंबाचा पाला आणि औषधाची बाटली

औषध रोग्याच्या हिताचे असते. परंतु जे हिताचे ते रोग्यास रुचतेच असे नाही. माणसाच्या बाबतीत निदान समजूत घालता येते. लहान मुलास खडीसाखरेचे आमिष दाखविता येते, वडीलधाऱ्यांस नातवंडांची शपथ घालता येते. मुक्या जनावराचे काय करावे? त्याला आपला आजार ठाऊक असतो, पण आपला हेतू ठाऊक नसतो. ज्यांच्या दारी शेळी, गाय, कुत्रे किंवा मांजर आहे, त्या प्रत्येक घरावर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

बऱ्हाणपुराहून खांडव्याच्या वाटेने सुमारे २० किलोमीटर गेले की सातपुड्याच्या खिंडीवर पहारा करीत बसलेला असीरगड दिसतो. तापी आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांमधील हा मोक्याचा किल्ला. त्यास दक्षिणेचा दरवाजा म्हणत. या मुलखात हिंदीच्या शेजारी मराठीही नांदते, आणि केळी, कापूस यांच्या जोडीने घरोघर शेळ्या असतात. शेळी ही गरिबाची गाय. अडीनडीला ती विकून फी भरली जाते, आणि तिच्या पावशेर दुधावर म्हाताऱ्यांचा चहा व पोरांची वाटी चालते. ती आजारी पडली म्हणजे घरास घोर लागतो, त्याचे शहरातील माणसास नवल वाटेल. आमच्या वाचकांस वाटणार नाही.

गडाच्या पायथ्याशी अशाच एका घरी आम्ही गेलो असता शेळी सुकत चालली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी तर ती लाल असावयाची ती पांढुरकी झालेली. जबड्याखाली मऊ सूज आलेली. पावसाळ्यात ओल्या कुरणावर चरणाऱ्या शेळ्यांच्या पोटात जंत होतात. त्यांतील एक जात पोटाच्या आतील बाजूस चिकटून रक्त पिते. अंगातील रक्त असे कमी झाले की ही लक्षणे दिसतात. पशुवैद्यांनी शेळीचे वजन करून जंताचे औषध दिले होते. आता ते तिच्या पोटात जाणे एवढेच उरले होते, आणि तेच होत नव्हते.

आदल्या दिवशी चौघांनी मिळून प्रयत्न केला होता. एकाने शिंगे धरली, दुसऱ्याने मागचे पाय, तिसऱ्याने जबडा फाकला, चौथ्याने बाटली रिकामी केली. शेळीने हंबरडा फोडला, मान झटकली आणि बहुतेक औषध धरणाऱ्यांच्या सदऱ्यावर उडविले. किती पोटात गेले आणि किती बाहेर पडले हे कोणास सांगता येईना. घरधन्याने मात्र शहाणपणा केला. अंदाजाने पुन्हा न पाजता तो पशुवैद्यांस विचारावयास गेला. त्यांनी एक दिवस थांबून पूर्ण मात्रा नव्याने देण्यास सांगितले. अर्धवट मात्रेत धोका असा की दुबळे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात. पुढे त्यांचीच वीण वाढते आणि तेच औषध निकामी ठरते. पण दुप्पट मात्राही विषासमान होऊ शकते. म्हणून औषध थुंकले गेले तर विचारूनच पुन्हा द्यावे.

त्या घरातील नऊ-दहा वर्षांची नात शेळीजवळ बसून तिला लिंबाचा पाला चारीत होती. तिने आम्हांस विचारले, “फादर, ही एवढा कडू पाला मिटक्या मारीत खाते, मग औषध का थुंकते?”

प्रश्न साधा, पण मोठमोठ्यांच्या ध्यानात न येणारा होता. कडुलिंब शेळीस प्रिय आहे; तेव्हा औषधाचा कडूपणा हे खरे कारण नव्हे. पाला ती आपल्या इच्छेने, ओळखीच्या हातून, चारी पाय जमिनीवर ठेवून खाते. औषध येते ते ओरडा, ओढाताण आणि आवळलेला जबडा यांच्यासह. तिला भीती बाटलीची नसते. बाटली आली म्हणजे काय घडते याची असते.

उत्तर आम्ही द्यावे त्याआधी आजींनीच दिले. त्यांनी पुरुषमंडळींस अंगणाबाहेर पाठविले. सुई नसलेल्या स्वच्छ पिचकारीत गुळाचे पाणी भरले आणि त्या शेळीच्या खांद्याशी जमिनीवर बसल्या. समोरून झेप न घेता त्यांनी ओठाच्या कोपऱ्यातून थेंबभर गोड पाणी आत सोडले. शेळीने जीभ फिरविली. पुन्हा थेंबभर. एवढेच करून त्या उठल्या. संध्याकाळी तेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिचकारीत औषध होते. शेळीने कान हलविले, तोंड वाकडे केले आणि गिळले. लगेच नातीने लिंबाची डहाळी पुढे केली. पंधरवड्याने आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा पापणीवर लाली चढली होती आणि सूज ओसरली होती.

आजींनी केले ते पशुवैद्यकाच्या नियमांस धरूनच होते. शेळीच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी हिरडी असते. तेथून पिचकारी घातली तर जबडा फाकावा लागत नाही. डोके पाठीच्या रेषेत ठेवावे, आभाळाकडे वर करू नये. जीभ ओढू नये. थोडे पाजावे, गळ्याशी घोट उतरलेला पाहावा, मग पुढचे थोडे. जनावर ओरडत असता किंवा ठसका लागला असता एक थेंबही ओतू नये. कारण त्या वेळी श्वासनलिका उघडी असते आणि औषध फुफ्फुसात उतरते. दुसऱ्या एका गावी पोटफुगीवर म्हणून एका सद्‌गृहस्थाने ओरडणाऱ्या बोकडाच्या नरड्यात वाटीभर तेल ओतले. पोट उतरले, पण बोकड तिसऱ्या दिवशी धापा टाकीत मेला. तेल चुकीच्या वाटेने गेले तरी पाण्यासारखा जोराचा ठसका लागत नाही, म्हणून ते अधिकच घातक. औषध योग्य होते, प्रेमही होते. घाईने जीव घेतला. शेळी गाभण असल्यास तेही पशुवैद्यांस आधी सांगावे, आणि औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये हे विचारून घ्यावे.

युरोप-अमेरिकेत काही घरी जाहक नावाचा चिमुकला काटेरी प्राणी पाळतात. आपल्याकडेही त्याच्या जाती रानात आहेत. परंतु रानचा प्राणी धरून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. भ्याला की जाहक अंगाचा चेंडू करतो. त्याच्या कातडीखाली थैलीच्या नाडीसारखा बळकट स्नायू असतो. तो आवळला की तोंड, पाय, पोट सारे आत आणि बाहेर नुसते काटे. अशास चौघे काय, चाळीस जण जमले तरी औषध पाजू शकत नाहीत. त्यास ऊब देऊन, तो आपण होऊन उलगडेल तोवर वाट पाहावी लागते, किंवा आवडत्या खाण्यात औषध मिसळावे लागते. शेळीपाशी असे काटे नाहीत, म्हणून आपण तिच्यावर बळ वापरतो. भीती दोघांची सारखीच.

शेळीस माणसाचा चेहरा कळत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. इंग्लंडातील केंट परगण्यात शेळ्यांसाठी एक आश्रयस्थान आहे. तेथे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी शेळ्यांपुढे अनोळखी माणसांची हसरी व रागीट छायाचित्रे ठेवली. शेळ्या हसऱ्या चेहऱ्याकडे अधिक वळल्या. हा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. कपाळावर आठ्या घालून औषध घेऊन येणाऱ्यास शेळी दुरूनच ओळखते, हे आजींस प्रयोगावाचून ठाऊक होते.

कुत्र्यास गोळी द्यावयाची तर भाकरीचे तीन घास करावेत. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा साधा. तिसऱ्याच्या आशेने दुसरा चटकन गिळला जातो. मात्र आपल्या घरची गोळी जनावरास देऊ नये. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील फादर जेरोम झेवियर तेव्हा त्याच्या छावणीत होते. महिनोन् महिने वेढा पडूनही तट बळाने फुटला नाही. दरवाजे उघडले ते सोने वाटल्यामुळे, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. मुक्या जीवापुढे सोन्याची मात्रा चालत नाही. तेथे चालतो तो ओळखीचा हात, आणि तो हात आजारपणाच्या दिवशी एकाएकी ओळखीचा होत नाही. म्हणून जनावर धडधाकट असतानाच त्याच्या तोंडाला, कानाला, पायाला रोज थोडा हात लावावा. मुलांसही लावू द्यावा. असा हात जवळ आला म्हणजे तोंड मिटून घ्यावे असे जनावरास वाटत नाही.