एका आकड्याचा फरक

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला आकड्यांबद्दल फाजील आत्मविश्वास असतो. चेकवर आकड्यात एक आणि अक्षरात दुसरेच असले की मी तो काउंटरवरूनच परत करतो. त्यापायी वाशिमातले निम्मे व्यापारी माझ्याशी धड बोलत नाहीत. तेव्हा मुलीने 'ओ लेव्हल'चा फॉर्म भरला, त्या दिवशी "पुस्तकं मी आणतो!" असे मी छातीठोकपणे सांगून टाकले.

ही परीक्षा नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची. (२०११ पर्यंत तिला डोएक म्हणत.) मुलगी आमच्यासारखीच बी.कॉम. एका नोकरीच्या जाहिरातीत हे प्रमाणपत्र मागितले होते, आणि परीक्षा जुलैत होती. त्यातला तिसरा पेपर प्रोग्रॅमिंगचा, त्याचे नाव 'एम३'.

अकोल्याला एका लग्नाला गेलो असताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर 'एम३-आर४' असे ठसठशीत छापलेले पुस्तक निम्म्या किमतीत दिसले. मुलीने चिठ्ठीवर 'आर५' लिहून दिले होते. मी शंका काढली, तर गाडीवाला म्हणाला, "घ्या ना साहेब, एका आकड्यानं काय होते?"

घरी आल्यावर काय होते ते कळले. "बाबा, हे सी भाषेचं आहे. आर५ मध्ये पायथन आहे."

दुसऱ्या खेपेस मी फक्त 'पायथन' एवढा शब्द पाहिला. मुखपृष्ठावर अजगर होता. आमच्या हिने ते पुस्तक देवघराजवळ ठेवू दिले नाही. वास्तविक हे नाव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे, पण हे तिला कोण पटवणार?

मुलगी तीन आठवडे त्यावर बसली. पुस्तक म्हणे, सातला दोनाने भागले की तीन. मशीन म्हणे, साडेतीन. पुस्तकात 'प्रिंट'पुढे कंस नाही. मशीन कंसाशिवाय हलेना. शेवटी उलगडा झाला, की पुस्तक पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचे. तिसरी २००८ सालीच आली होती आणि दुसरीची देखभाल २०२० च्या १ जानेवारीपासून बंद! पुन्हा एकाच आकड्याचा फरक. मुलगी चिडली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, "राहू द्या बाबा, निघेल काहीतरी."

मग तिनेच अभ्यासक्रमाचा अधिकृत कागद फुकट उतरवून घेतला. दुकानात उभी राहून त्याच्याशी एकेका पुस्तकाची अनुक्रमणिका तिने अशी ताडून पाहिली, की आम्ही सहीसुद्धा तशी पाहत नसू. 'नमपाय'वर प्रकरण नाही म्हणून दोन जाडजूड पुस्तके परत फळीवर गेली. मी पिशवी धरून उभा होतो.

नव्या पुस्तकातले एक उदाहरण तिने रात्री मला करून दाखवले. शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन. उत्तरात दशांशचिन्हापुढे तीन, मग पंधरा शून्ये आणि शेवटी एक चार!

"हा चार कुठून आला?"

"मशीन सगळं शून्य आणि एकात मोजतं, बाबा. त्यात एक दशांश नेमका बसतच नाही. म्हणून पैशांच्या हिशेबाला 'डेसिमल' वेगळं वापरतात."

"आमच्याकडे फरक सापडल्याशिवाय घरी सोडत नसत," मी म्हणालो.

"मग शोधा तुम्ही," म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि पुस्तक घेऊन दिव्याखाली जाऊन बसली. साडेअकरापर्यंत मी तो चार शोधत होतो.